घरकामाला सरकारी सवलत: स्वीडन, बेल्जियम आणि आपण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझी आई पुण्यात पाच घरची धुणीभांडी करायची. आज मी स्टॉकहोममध्ये नोकरी करते आणि एक गुरुवार सोडून एक गुरुवार आमच्या घरी साफसफाईला एक ताई येतात. त्यांच्या मजुरीचा निम्मा भाग स्वीडनचं सरकार भरतं. हे ऐकलं की इथे नव्यानं आलेली मराठी मंडळी आणि पुण्याचे नातेवाईक तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं दर वेळी अर्धवट राहतात, म्हणून इथे सवडीनं लिहिते आहे.

लोकांच्या घरातल्या केरफरशीला सरकार पैसे कशाला देतं?

सरकारी कागदांत दोन कारणं असतात. घरकाम आधी चोरून, रोख पैशांवर चालायचं. ते पावतीवर यावं, त्यावर कर भरला जावा आणि करणाऱ्याला नोकरीचे हक्क मिळावेत, हे एक. दुसरं असं की शिकलेल्या बायकांचा घरकामात जाणारा वेळ नोकरीकडे वळावा.

यामागे एक साधा हिशेब आहे. स्वीडनमध्ये फरशी पुसणाऱ्याचा पगार आणि ऑफिसात बसणाऱ्याचा पगार यांत आपल्याइतकी दरी नाही. त्यात मालकाला पगारावर सुमारे ३१ टक्के सामाजिक विम्याची रक्कम भरावी लागते आणि वर २५ टक्के व्हॅट. त्यामुळे सवलत नसेल तर तासाभराच्या साफसफाईचं बिल साध्या नोकरदाराच्या तासाभराच्या, हातात पडणाऱ्या पगाराहून मोठं होतं. मग माणूस स्वतःच फडकं हातात घेतो. त्याला ते परवडावं म्हणून मधली रक्कम सरकार घालतं.

स्वीडनची योजना नेमकी कशी चालते?

तिला 'रुट' म्हणतात. सफाई, देखभाल आणि धुलाई या तीन स्वीडिश शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. १ जुलै २००७ ला ती सुरू झाली. आधी सगळं बिल भरायचं आणि सवलत पुढच्या वर्षी करात मिळायची. जुलै २००९ पासून ग्राहक मजुरीची निम्मीच रक्कम भरतो आणि उरलेली निम्मी कंपनी थेट करखात्याकडून मागून घेते. या एका बदलानं योजना घरोघरी पोचली.

साफसफाई, कपडे धुणं, इस्त्री, मुलं सांभाळणं, बागकाम, घर हलवताना सामानाची बांधाबांध असं बरंच काही तिच्यात बसतं. २०२१ पासून माणशी वर्षाला ७५,००० क्रोनर (स्वीडनचं चलन) ही मर्यादा आहे. नवरा-बायको दोघांची मिळून दीड लाख.

एक अट मात्र नीट वाचावी अशी आहे. काम स्वतः केलं किंवा जवळच्या नातेवाइकानं केलं तर सवलत नाही. गैरवापर टाळायचा तर अशी अट हवीच. पण तिच्यातून निघणारा अर्थ मला आजही टोचतो. घरच्या बाईनं घासलेल्या बाथरूमची किंमत शून्य. तेच बाथरूम दुसऱ्या बाईनं घासलं की सरकार निम्मे पैसे द्यायला तयार.

पुण्यातल्या आईबाबांच्या घरच्या कामासाठी ही सवलत मिळते का?

नाही. आईवडिलांच्या घरच्या कामाला सवलत मिळते, पण ते घर स्वीडनमध्ये किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्रात असावं लागतं.

या सवलतीवरून स्वीडनमध्ये एवढं वादळ का झालं होतं?

१९९३ साली आन-मारी पोल्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी घरकामाच्या खर्चावर करसवलत द्यावी असं सुचवलं. त्यावरून जो वाद पेटला त्याला स्वीडिश लोक 'पिग-डिबात' म्हणतात. 'पिगा' म्हणजे जुन्या काळी मोठ्या घरात राबणारी मोलकरीण.

विरोध करणाऱ्यांचा राग समजून घेण्यासारखा आहे. मोलकरणींचा जमाना संपवण्यात त्या देशानं अर्धं शतक घालवलं होतं. १९७१ पासून नवरा-बायकोच्या कमाईवर वेगवेगळा कर लागू झाला, म्हणजे बायकोच्या नोकरीवर नवऱ्याच्या पगारामुळे जादा कर बसणं थांबलं. १९७४ पासून बाळंतपणानंतरची रजा बापालाही घेता येऊ लागली. सरकारी पाळणाघरं उभी राहिली. आपली घाण आपण काढायची आणि त्यासाठी लागणारा वेळ समाजानं सगळ्यांना सारखा द्यायचा, असा तो विचार होता. आता करदात्यांच्या पैशानं पुन्हा मोलकरीण आणायची, हे त्या लोकांना मागे जाणं वाटलं.

बाजू घेणारे विचारत की हॉटेलात, ऑफिसात, इस्पितळात फरशी पुसणं हे सन्मानाचं काम असेल तर घरात पुसल्यानं ते लाजिरवाणं कसं होतं?

दोन्ही बाजूंचं मला पटतं. पण त्या वादात फरशी पुसणाऱ्या बाईचा आवाज फारसा नव्हता, याचं वाईट वाटतं. आपल्याकडेही मोलकरीण, कामवाली, घरेलू कामगार असे शब्द बदलत गेले. त्यातला 'घरेलू कामगार' कायद्याच्या पुस्तकात बसला आणि सोसायटीच्या गेटवरच्या वहीत 'बाई' हाच शब्द राहिला.

योजना आली तेव्हा खरंच सगळं चोरून चालायचं का?

ऑक्टोबर २००६ मध्ये स्वीडनमध्ये नवं सरकार येऊन काही दिवसच झाले होते. मारिया बोरेलियुस आणि सेसिलिया स्तेगो शिलो या दोन मंत्र्यांना पद सोडावं लागलं. दोघींनीही घरकामाला किंवा मुलं सांभाळायला ठेवलेल्या बायकांचे पैसे कर चुकवून दिले होते, टीव्हीची परवाना फीही थकवली होती. मंत्र्यांच्या घरी हे, तर बाकीच्यांच्या घरी काय असेल! त्याच सरकारनं पुढच्या वर्षी रुट आणलं.

प्लंबर-सुताराच्या कामालाही सवलत आहे म्हणतात. मग वाद घरकामावरूनच का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

'रोट' नावाची दुसरी सवलत घराची डागडुजी, फरशी बसवणं, नळजोडणी अशा कामांच्या मजुरीवर मिळते. मंदी आली की बांधकामाला हात देण्यासाठी ती १९९० च्या दशकापासून अधूनमधून यायची, डिसेंबर २००८ पासून ती कायमची झाली. बहुतेक वर्षी तिजोरीतून रुटपेक्षा रोटवर जास्त पैसा जातो. पण सुतार घरी आला म्हणून 'नोकरवर्ग परत आला' असा ओरडा कुणी केला नाही. बाथरूमच्या टाइल्स बसवणारा पुरुष कारागीर ठरतो आणि त्याच टाइल्स घासणारी बाई पिगा ठरते.

फरक कामात असतो की करणाऱ्यात? थोडा कामातही आहे, हे मान्य करायला हवं. सुतार चार दिवस येतो आणि जातो. सफाईवाल्या ताई वर्षानुवर्षं येतात. तुमची अंथरुणं, औषधं, रिकाम्या बाटल्या त्यांना दिसतात. तुमच्या घरातलं त्यांना सगळं कळतं आणि त्यांचं घर तुम्ही कधी पाहिलेलं नसतं. या एकतर्फी जवळिकीची लोकांना लाज वाटते. ती वाटावी, असं माझं मत आहे. फक्त तिचा राग त्या बाईच्या कामावर निघू नये.

या सवलतीनं बायकांना फायदा झाला का?

विकत घेणाऱ्या बायकांना झाला. घरकाम बाहेर दिलं की लग्न झालेल्या बायकांची कमाई वाढते, असं स्वीडनच्या करनोंदींवर झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. बेल्जियममध्ये तर स्वतःचा धंदा करणाऱ्या बाईला बाळंतपणानंतर घरकामाचे १०५ सरकारमान्य चेक (त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे) फुकट मिळतात, म्हणजे १०५ तासांची मदत. तान्हं बाळ मांडीवर घेऊन गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या बाईला ती किती मोलाची असेल, हे मी सांगायला नको.

'बायकांना' असं सरसकट म्हटलं की घोळ होतो. वेळ एका बाईचा सुटला आणि तो दुसऱ्या बाईच्या वेळातून सुटला. दुसरीच्या घरची भांडी कोण घासतं, हे कुठल्या फॉर्मवर विचारत नाहीत.

पण घरात बाई आली की नवराही हातभार लावायला लागतो ना?

माझ्या पाहण्यात तरी नाही. भांडण थांबतं, एवढंच. शनिवारी सकाळी बाथरूम कोण घासणार, यावरून जो खटका उडायचा तो उडत नाही. घरात शांतता येते, ती मलाही हवीशी वाटली. पण 'तूही कर' हे वाक्य बोलायचं राहून गेलं. आमच्या घरी पाच वर्षांनी माझ्या लक्षात आलं की बेसिन कशानं घासतात हे आमच्या मुलाला माहीत नाही. त्यानं बापालाही ते करताना पाहिलेलं नाही.

शिवाय बाहेर दिलेलं कामही सांभाळावं लागतं. कंपनीला फोन करणं, वार बदलून घेणं, ताई येण्याआधी पसारा आवरणं, किल्लीची सोय, साबण संपला का बघणं. हे कुणाच्या डोक्यात असतं? पुण्यात 'आज मी येणार नाही' हा फोन घरच्या पुरुषाला येतो का? स्टॉकहोमलाही मेसेज माझ्याच फोनवर येतो.

भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. स्वीडनमधलं अंतर याहून पुष्कळ कमी आहे. ते कमी व्हायला सुरुवात रुटच्या कितीतरी आधी झाली. पाळणाघर, स्वतंत्र कर आणि बापाची रजा यांचा त्यात मोठा वाटा आहे.

मग या कामाला येतं कोण?

बहुतेक बायका, आणि त्यातल्या पुष्कळ बाहेर जन्मलेल्या. २००४ साली पोलंड आणि बाल्टिक देश युरोपीय संघात आले, तिथून अनेक जणी स्वीडनला आल्या. लॅटिन अमेरिकेतून आणि आशियातून आलेल्याही आहेत. बेल्जियमच्या राजधानीत, ब्रुसेल्समध्ये, पोलिश, रोमेनियन, पोर्तुगीज, ब्राझिलियन, फिलिपिनो बायका दिसतात. कुणी तिकडे शिक्षिका होती, कुणी नर्स होती. पदवीचा कागद इथे चालत नाही, भाषा येत नाही, मग पहिली नोकरी ही मिळते. तीच शेवटची ठरू नये, हा खरा प्रश्न आहे. मालक-मालकीण ऑफिसात असताना रिकाम्या घरात एकटीनं काम करायचं, तर भाषा शिकायची कुणाशी बोलून?

त्यांची स्वतःची मुलं पुष्कळदा मागे, आजीकडे असतात. कोकणातल्या कितीतरी घरांत मुंबईला कामाला गेलेल्या आईची मुलं आजीनं वाढवली. ही साखळी आपल्याला नवी नाही.

बेल्जियमचे चेक म्हणजे काय?

बेल्जियमनं वेगळी वाट घेतली. २००१ चा कायदा, आणि २००४ पासून योजनेनं जोर धरला. गिऱ्हाईक सरकारमान्य चेक विकत घेतं, एक चेक म्हणजे एक तास. २०१४ पासून बरीच वर्षं त्याची किंमत ९ युरो होती, त्यावर करातली सूट वेगळी. खरा खर्च वीस युरोंच्या वर. मधली रक्कम सरकार कंपनीला देतं. आणि बाई नोकरीला असते ती मान्यताप्राप्त कंपनीत. सफाई, धुणं, इस्त्री, स्वयंपाक, बाजारहाट यांना चेक चालतो, मुलं सांभाळायला चालत नाही.

त्या लहानशा देशात एक लाखाहून जास्त लोक या कामात आहेत आणि त्यांतल्या शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव बायका आहेत.

कामाला येणाऱ्या बाईचं भलं झालं की नुकसान?

इथे थोडं थांबून लिहिते, कारण हा प्रश्न मी आईच्या वतीनं वाचते.

आधी जे मिळालं ते. बेल्जियममध्ये चोरून काम करणाऱ्या बाईला करारपत्र मिळालं, पगाराची पावती मिळाली, आजारपणाची रजा, पगारी सुट्टी, अपघात विमा, पेन्शनमध्ये मोजली जाणारी वर्षं मिळाली. स्वीडनमध्ये वर्षाला २५ दिवसांची रजा कायद्यानं आहे. आजारी पडलं तर सुरुवातीची थोडी कपात सोडून दोन आठवड्यांपर्यंत मालक पगाराचे ८० टक्के देतो. पावतीवर नाव असलेल्या बाईला घर भाड्यानं मिळतं, बँक कर्ज देते. माझ्या आईनं सव्वीस वर्षं काम केलं आणि त्याचा पुरावा म्हणून तिच्याकडे फक्त खरबरीत हात आहेत. करारपत्राची ज्यांना किंमत वाटत नाही, त्यांना ते कायम मिळत आलेलं असतं.

आता जे मिळालं नाही ते. काम बहुतेक अर्धवेळ असतं. पूर्णवेळ काम अंगालाच झेपत नाही. पाठ, खांदे, मनगटं जातात. साफसफाईच्या रसायनांनी हात आणि श्वास खराब होतो. एका घरातून दुसऱ्या घरी जायला लागणाऱ्या वेळाचा पूर्ण मोबदला मिळत नाही, तुटपुंजी भरपाई मिळते. ग्राहक सुट्टीवर गेला की तास कमी होतात. चेकची किंमत सरकार ठरवतं आणि गिऱ्हाइकांच्या नाराजीला भिऊन ती वाढवायला कचरतं, त्यामुळे पगार वाढवायला जागा उरत नाही. यासाठी बेल्जियममध्ये या बायका रस्त्यावर उतरल्या आहेत.

आणखी एक गोष्ट अनुभवाची आहे. कंपनी मध्ये आली की बाईचं ओझं हलकं होतं. उचल मागायला, खाडा झाला म्हणून बोलणी खायला तिला मालकिणीसमोर उभं राहावं लागत नाही. त्याच वेळी 'कंपनी बघेल' असं म्हणून मालकिणीची जबाबदारीही हलकी होते.

फायदा फक्त श्रीमंतांनाच मिळतो, हे खरं का?

बऱ्याच अंशी. स्वीडनमध्ये कंपनी करखात्याकडून मागून घेते ती निम्मी रक्कम ग्राहकाच्या आयकरातून वजा होते, म्हणजे मुळात पुरेसा कर भरणारा माणूस हवा. शिवाय निम्मे पैसे खिशात हवेत. स्टॉकहोमजवळचं डांडेरयूद हे देशातल्या सर्वांत श्रीमंत गावांपैकी एक, आणि रुट वापरण्यातही ते पुढे.

म्हातारी माणसंही मोठ्या संख्येनं रुट वापरतात. नगरपालिका वृद्धांना घरी मदतनीस देते, त्याची फी उत्पन्नाप्रमाणे असते. ज्यांचं पेन्शन बरं आहे ते ती मदत सोडून रुटवर बाई बोलावतात, कारण ती त्यांच्या सोयीच्या वेळी येते, दर वेळी तीच येते. साधं पेन्शन असणारे नगरपालिकेवरच अवलंबून राहतात. एका सार्वजनिक सेवेचे असे दोन दर्जे पडतात. ऐपतदार लोक सेवेतून बाहेर पडले की ती सुधारावी म्हणून ओरडणारे आवाजही कमी होतात. आपल्याकडच्या सरकारी शाळांचं काय झालं ते आठवून बघा.

घरकाम करणारी बाई स्वतः ही सवलत वापरू शकते का?

कागदावर वापरू शकते. अर्धवेळ पगारात निम्मं बिल भरून कोण बोलावणार?

सरकारचे पैसे वसूल होतात का?

योजना स्वतःचा खर्च स्वतःच भरून काढते, असं सांगितलं जायचं. २०२० साली स्वीडनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं तपासलं आणि ती पूर्णपणे भरून काढत नाही, असा निष्कर्ष काढला.

राजकीय पक्ष काय म्हणतात?

२०१० च्या निवडणुकीत डाव्या बाजूच्या आघाडीनं रुट बंद करू म्हटलं आणि ती हरली. पुढे सोशल डेमोक्रॅट पक्षानं सत्तेत आल्यावर मर्यादा कमी केली, पण योजना ठेवली. एकदा सवय लागलेली सवलत काढून घेणं कुठल्याच पक्षाला सोपं जात नाही.

भारतात अशी योजना आणावी का?

माझं उत्तर नाही असं आहे. भारतात घरकामावर सवलत आधीपासून आहे. ती सरकार देत नाही, कामवाली देते. तिचा पगार इतका कमी असतो की मध्यमवर्गीय घराला धुणं, भांडी, केरफरशी आणि पोळ्या यांना वेगवेगळ्या बायका ठेवता येतात. स्वीडनमध्ये जी मधली रक्कम तिजोरीतून येते, ती इथे तिच्या न मिळालेल्या रजेतून, न भरलेल्या विम्यातून, न वाढलेल्या पगारातून येते. आता सरकारी पैसा घालायचाच तर तो ग्राहकाचं बिल कमी करायला कशाला?

तो तिच्या पेन्शनमध्ये घाला. महाराष्ट्रात त्याचा सांगाडा आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. अनेक वर्षांच्या मागणीनंतर घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. पंचावन्न वर्षांपुढच्या नोंदीत बायकांना १०,००० रुपये सन्मानधन देण्याची योजनाही आली. एकदा मिळणारे दहा हजार म्हणजे पेन्शन नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. स्वीडननं तो २०१९ मध्ये मंजूर केला, भारतानं अजून केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी कायद्याची गरज तपासायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले.

ॲपवरून पंधरा मिनिटांत येणारी मदत म्हणजेही सवलतच का?

हो, फक्त पैसा गुंतवणूकदारांचा. मार्च २०२५ मध्ये मुंबईत अर्बन कंपनीनं तासाला ४९ रुपये अशा सुरुवातीच्या दरात ही सेवा आणली तेव्हा तिचं नाव 'इन्स्टा मेड्स' होतं, टीका झाल्यावर ते 'इन्स्टा हेल्प' झालं. इतक्या कमी दरात त्या बाईचा पगार भागत नाही, मधली रक्कम कंपनी सोसते. सरकारी सवलतीवर निदान निवडणुकीत प्रश्न विचारता येतो. इथे गिऱ्हाइकाला सवय लागली आणि गुंतवणूकदारांचा हात आखडला, की तूट कुणाच्या तासातून निघेल?

मी नुकतीच स्वीडनला आले आहे. सफाईला कुणाला बोलवावं की नको? अपराधी वाटतं.

अपराधी वाटून घेऊन त्या बाईचं काही भलं होत नाही. बोलावणार असाल तर कंपनीला विचारा की कामगार संघटनेबरोबर सामूहिक करार आहे का. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही, पगार याच करारांतून ठरतो. सगळ्यात स्वस्त दर सांगणारी कंपनी टाळा. दोन तासांचं काम दोन तासांतच सांगा. उंच खिडक्या, ओव्हन, फ्रीज एकदम नको. बादली आणि लांब दांड्याचा मॉप चांगला घ्या. तुम्ही सुट्टीवर जाणार असाल तर महिनाभर आधी कळवा, म्हणजे तेवढे तास त्यांना दुसरीकडे मिळतील.

आणि एक काम घरातल्या पुरुषाच्या नावावर कायमचं ठेवा. आमच्याकडे आता संडास-बाथरूम ताईंच्या यादीत नाही. ते नवरा आणि मुलगा आळीपाळीनं करतात. पहिले दोन महिने फार वाईट करायचे.

त्यांना हाक काय मारायची? 'मावशी' म्हटलं तर चालेल का?

नावानं हाक मारा. इथे शिक्षकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनाच नावानं हाक मारतात. आमच्या ताईंना मी मनातल्या मनात ताई म्हणते, तोंडावर नाव घेते, आणि त्या माझं घेतात. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं विचारलं, "त्यांना चहा कुठल्या कपात देतेस?"